लामोटाचा हिशेब

जून १९६०. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे चाळिशीकडे झुकलेला, अंगाने सुटलेला, नाक चेपलेला एक माणूस शपथेवर बोलत होता. समितीचे अध्यक्ष होते टेनेसीचे सिनेटर एस्टिस केफॉव्हर आणि चौकशी चालू होती बॉक्सिंगच्या धंद्यावर टोळ्यांनी बसवलेल्या मक्तेदारीची. १४ नोव्हेंबर १९४७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण ठरवून हरलो, असं त्या माणसाने कबूल केलं. हरण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले गेले होते. ते त्याने घेतले नव्हते. त्याला हवी होती जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी. ती मिळायला आणखी दीड वर्ष लागलं आणि त्यासाठी उलट त्यालाच २० हजार डॉलर मोजावे लागले. गुन्ह्याची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे या जबानीबद्दल त्याला शिक्षा होणार नव्हती. पण ज्या खेळावर तो वाढला त्या खेळातले लोक त्यानंतर बरीच वर्षं त्याच्याशी फटकून वागले.

हा माणूस म्हणजे जेक लामोटा. १९४९ ते १९५१ या काळातला मिडलवेट गटाचा जगज्जेता. त्या साक्षीनंतर वीस वर्षांनी त्याच्या आयुष्यावर मार्टिन स्कोर्सेसीने ‘रेजिंग बुल’ हा चित्रपट केला. मुष्टियोद्ध्यावरचा सर्वांत श्रेष्ठ चित्रपट म्हणून तो आज ओळखला जातो आणि तो मान रास्त आहे. सिनेटपुढची ही साक्ष मात्र त्यात कुठेही नाही.

लामोटाचा जन्म १९२२ चा, न्यूयॉर्कमधला. वडील सिसिलीतल्या मेसिनाहून आलेले. कुटुंब ब्रॉंक्समध्ये स्थिरावलं. घरात पैशांची कायम चणचण. वडील या पोराला शेजारपाजारच्या मुलांशी झुंजायला लावत. भोवती जमलेली मोठी माणसं सुटी नाणी फेकत आणि त्या नाण्यांतून घरभाड्याला हातभार लागे. मार खाणं हेही कमाईचं साधन असू शकतं, हे लामोटा वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी शिकला. पुढे चोरीच्या प्रयत्नात तो पकडला गेला आणि कॉक्सॅकीच्या सुधारगृहात पोचला. तिथेच तो शास्त्रशुद्ध बॉक्सिंग शिकला. त्या सुधारगृहात त्याच्याबरोबर रॉकी ग्रॅझियानो नावाचा मुलगा होता. तोही १९४७ मध्ये मिडलवेट जगज्जेता झाला.

ग्रॅझियानोची आठवण इथे मुद्दाम काढली. त्याच्या आत्मचरित्रावर हॉलिवूडने १९५६ मध्ये चित्रपट काढला, पॉल न्यूमनला घेऊन. वाया गेलेला पोरगा, त्याला सावरणारी बायको, शेवटी पट्टा आणि गल्लीतला जल्लोष. बॉक्सिंगच्या चित्रपटांचा साचा असाच होता. लामोटाची गोष्ट त्या साच्यात कितीही दाबली तरी बसली नसती.

तो १९४१ मध्ये व्यावसायिक झाला आणि लवकरच त्याची लढण्याची तऱ्हा लोकांच्या लक्षात आली. गुडघ्यांत वाकून, डोकं खाली घालून तो सारखा पुढे सरके. एक ठोसा मारण्यासाठी तीन खायची तयारी. त्याची हनुवटी कशाने घडली होती कोण जाणे. शंभरच्या वर लढतींत तो एकदाच खाली पडला, तोही कारकीर्द संपत आल्यावर, १९५२ च्या शेवटच्या दिवशी. ज्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांना नामांकित गोरे खेळाडू टाळत, त्यांच्याशी तो खुशाल लढे: होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, बर्ट लायटेल. यांतल्या कुणालाही जगज्जेतेपदाची संधी कधी मिळाली नाही आणि चित्रपटात त्यांचं नावही येत नाही. पडद्यावर त्या सगळ्यांच्या वतीने एकटा शुगर रे रॉबिन्सन उभा राहतो.

रॉबिन्सनशी लामोटा सहा वेळा लढला. इतक्या वेळा ‘शुगर’शी गाठ पडूनही आपल्याला मधुमेह कसा झाला नाही, हा विनोद तो म्हातारपणी प्रत्येक कार्यक्रमात सांगायचा. पहिली लढत ऑक्टोबर १९४२ मध्ये झाली आणि रॉबिन्सनने ती जिंकली. दुसरी ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये. रॉबिन्सन तोवर ४० व्यावसायिक लढतींत अजिंक्य होता. आठव्या फेरीत लामोटाच्या ठोशाने तो दोऱ्यांमधून रिंगबाहेर गेला. पंच आकडे मोजत असतानाच घंटा झाली म्हणून वाचला, पण निकाल लामोटाच्या बाजूने लागला. तीनच आठवड्यांनी, त्याच शहरात, रॉबिन्सनने परतफेड केली. आणि पुढची आठ वर्षं तो कुणालाच हरला नाही. लामोटा काय ताकदीचा होता हे समजायला एवढी एक नोंद पुरेशी आहे.

तरीही जगज्जेतेपदाची लढत त्याच्या वाट्याला येईना. याचं कारण रिंगच्या बाहेर होतं. त्या काळात कोण कुणाशी, कधी, कुठे लढणार हे फ्रँकी कार्बो आणि त्याची माणसं ठरवत. कार्बो हा खुनाच्या आरोपांतून सुटलेला टोळीवाला. अनेक नामांकित खेळाडूंच्या कमाईत त्याचा छुपा वाटा असे. लामोटाने त्यांच्यातला मॅनेजर घ्यायला नकार दिला होता. तो स्वतः आणि धाकटा भाऊ जोई मिळून कारभार पाहत. पाच-सहा वर्षं तो संधीच्या दारात नुसता उभा राहिला आणि शेवटी वाकला.

बिली फॉक्स हा फिलाडेल्फियाचा तरुण. त्याचा मॅनेजर ब्लिंकी पालेर्मो कार्बोचा साथीदार होता. लढतीच्या दिवशी पैजांचा भाव फॉक्सच्या बाजूने इतका झुकला की गार्डनमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला वास आला. ठरल्याप्रमाणे हरायचं होतं, पण खाली पडणं लामोटाला जमेना. आयुष्यात कधी न पडलेला माणूस खोटंखोटंही पडू शकला नाही. दोऱ्यांना टेकून तो नुसता मार खात राहिला आणि चौथ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने चौकशी केली. पानथरीला झालेली दुखापत लपवली, एवढ्याच ठपक्यावर त्याला एक हजार डॉलर दंड आणि सात महिन्यांची बंदी झाली. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिद्ध मात्र काहीच झालं नाही.

संधी आली १६ जून १९४९ ला, डेट्रॉइटच्या ब्रिग्ज स्टेडियममध्ये. समोर होता फ्रेंचांचा लाडका जगज्जेता मार्सेल सेर्दां. पहिल्याच फेरीत धसमुसळ्या झटापटीत सेर्दां पडला आणि त्याचा खांदा निखळला. एका हाताने तो नऊ फेऱ्या लढला आणि दहाव्या फेरीसाठी उठलाच नाही. लामोटा जगज्जेता झाला. परतीची लढत ठरली. तिच्यासाठी न्यूयॉर्कला निघालेल्या सेर्दांचं विमान २८ ऑक्टोबर १९४९ च्या पहाटे अझोर्स बेटांवर कोसळलं आणि त्यात कुणीच वाचलं नाही. गायिका एदित पियाफ न्यूयॉर्कमध्ये त्याची वाट पाहत होती. फ्रान्सने ज्याच्यासाठी शोक केला त्याचाच पट्टा ब्रॉंक्सच्या या माणसाकडे राहून गेला.

तो पट्टा त्याने दोनदा राखला. दुसऱ्यांदा, सप्टेंबर १९५० मध्ये, फ्रान्सचा लोराँ दोतुई गुणांवर स्पष्ट पुढे होता. पंधराव्या आणि शेवटच्या फेरीत लामोटाने त्याला आडवा केला तेव्हा घड्याळात १३ सेकंद उरले होते. मग १४ फेब्रुवारी १९५१ ला शिकागोत सहाव्यांदा रॉबिन्सन. वजन उतरवता उतरवता लामोटा आधीच अर्धा रिकामा झाला होता. दहाव्या फेरीपर्यंत तो झुंजला, अकराव्यात उरलंसुरलं सगळं ओतलं आणि त्यानंतर त्याच्याकडे हात उचलण्याचीही ताकद राहिली नाही. तेराव्या फेरीत पंच मध्ये पडले तेव्हा तो दोऱ्यांच्या आधाराने उभाच होता. शिकागोत १९२९ च्या व्हॅलेंटाइन दिवशी टोळीयुद्धातलं हत्याकांड घडलं होतं. वर्तमानपत्रांनी या लढतीला तेच नाव दिलं.

पुढचं फार भराभर घडलं. १९५४ मध्ये निवृत्ती, मायामी बीचवर स्वतःचा नाइटक्लब, दारू, वाढतं वजन. दुसरी बायको विकी मुलांना घेऊन वेगळी झाली. क्लबमध्ये एका अल्पवयीन मुलीची पुरुषांशी ओळख करून दिल्याबद्दल तो दोषी ठरला आणि सहा महिने साखळदंडातल्या कैद्यांबरोबर राबला. आपण निर्दोष आहोत असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. मग छोट्या क्लबांतून विनोद सांगणं, चित्रपटांत किरकोळ भूमिका. १९७० मध्ये बालमित्र पीटर सॅव्हेज आणि लेखक जोसेफ कार्टर यांच्या मदतीने त्याने आत्मचरित्र लिहिलं.

ते पुस्तक रॉबर्ट डी निरोच्या हाती पडलं ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाच्या सुमारास. लिखाण म्हणून ते काही थोर नव्हतं, पण त्याला त्यात एक माणूस दिसला. त्याने ते स्कोर्सेसीकडे नेलं. स्कोर्सेसीला खेळांत रस नव्हता. लहानपणापासून दम्याने बेजार असलेला हा मुलगा मैदानाकडे कधी फिरकलाच नव्हता आणि बॉक्सिंग त्याला कंटाळवाणं वाटे. काही वर्षं तो टाळत राहिला.

१९७७ मध्ये त्याचा ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ कोसळला. कोकेनचं व्यसन हाताबाहेर गेलं. १९७८ च्या सप्टेंबरात शरीरात अंतर्गत रक्तस्राव होऊन तो रुग्णालयात दाखल झाला तेव्हा तो छत्तिशीचाही नव्हता. डी निरो भेटायला आला आणि खाटेशेजारी बसून पुन्हा तोच विषय काढला. या वेळी स्कोर्सेसी हो म्हणाला. आपल्याच हाताने आपलं घर मोडणारा माणूस त्याला आता परका वाटत नव्हता. हे त्यानेच पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. हाच आपला शेवटचा चित्रपट, असं धरून तो कामाला लागला.

पटकथा आधी मार्डिक मार्टिनने लिहिली होती. पॉल श्रेडरने ती नव्याने बांधली, दोन भावांचं नातं मधोमध आणलं आणि पीटर सॅव्हेजचा बराचसा भाग जोईच्या पात्रात मिसळला. निर्माते होते अर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ, म्हणजे ‘रॉकी’चेच. पैसे युनायटेड आर्टिस्ट्सचे. कंपनीचे अधिकारी स्कोर्सेसीच्या घरी बैठकीला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने विचारलं की या झुरळासारख्या माणसावर चित्रपट कुणी का पाहावा? तो झुरळ नाही, एवढंच डी निरो शांतपणे म्हणाला. त्यानंतर डी निरो आणि स्कोर्सेसी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर गेले आणि काही आठवड्यांत त्यांनी अख्खी पटकथा पुन्हा लिहून काढली. श्रेयनामावलीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही.

या साऱ्या पुनर्लेखनात जे उडालं त्यात या चित्रपटाचं मर्म आहे असं मला वाटतं. लामोटाच्या पुस्तकात त्याच्या रागाला एक ठोस कारण होतं. किशोरवयात त्याने एका सट्टेवाल्याला लुटण्यासाठी नळीने मारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो मेल्याची बातमी वाचली होती. आपण खुनी आहोत हे ओझं घेऊन तो रिंगमध्ये उतरे. मार खाणं ही त्याची स्वतःला दिलेली शिक्षा होती. जगज्जेता झाल्यानंतरच्या मेजवानीत तो सट्टेवाला जिवंत समोर येऊन उभा राहिला, असं पुस्तक सांगतं. कुठलाही पटकथाकार या प्रसंगावर उडी मारेल. चित्रपटात तो नाही. नाण्यांसाठी लढायला लावणारा बापही नाही आणि सुधारगृहही नाही. पडद्यावर १९४१ साल उजाडतं तेव्हा लामोटा तसाच आहे: भावावर संशय घेणारा, बायकोवर हात उगारणारा, प्रेमाची भीक मागता मागता घर फोडणारा. त्याला क्षमा करायला एकही सोयीचं कारण प्रेक्षकाला मिळत नाही. त्यामुळेच त्याच्यावरून नजर हटत नाही.

चित्रीकरण १९७९ च्या वसंतात सुरू झालं. डी निरोने लामोटाच्याच हाताखाली कित्येक महिने सराव केला होता. हा माणूस खरोखरच व्यावसायिक लढती लढू शकेल, असं लामोटा सांगत सुटला होता. जोईच्या भूमिकेसाठी जो पेशी सापडला. अभिनयाचा नाद सोडून तो एक हॉटेल सांभाळत होता. विकी झाली कॅथी मोरिआर्टी, विशीही न गाठलेली, याआधी एकाही चित्रपटात न झळकलेली. नंतर काही महिने चित्रीकरण थांबवलं गेलं. त्या काळात डी निरोने इटली-फ्रान्समध्ये खाऊन खाऊन सुमारे ६० पौंड, म्हणजे २७ किलो वजन वाढवलं. त्याच्या श्वासाला अशी घरघर लागली की स्कोर्सेसीने धास्तावून एकेका दृश्याचे मोजकेच टेक घेतले. आज पुरस्कारासाठी शरीर बदलण्याची टूम झाली आहे. तेव्हा अशी टूम नव्हती आणि मायामीतला तो सुटलेला लामोटा पाहताना मेकअपची शंकाही येत नाही.

चित्रपट कृष्णधवल का, याला दोन-तीन कारणं होती. सरावाच्या रंगीत फिती पाहताना ज्येष्ठ ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल म्हणाले की हातमोज्यांचा लाल रंग खटकतो. लामोटाच्या लढती लोकांनी पाहिल्या होत्या त्या काळ्या-पांढऱ्या वृत्तचित्रांत आणि छायाचित्रांत. शिवाय त्या काळच्या रंगीत फिल्मचा रंग काही वर्षांत विटून जाई आणि त्याविरुद्ध स्कोर्सेसीची मोहीमच चालली होती. लामोटा कुटुंबाच्या घरगुती फितींचा तुकडा तेवढा रंगीत ठेवला गेला. स्कोर्सेसीने त्यावर मुद्दाम ओरखडे पाडले होते.

लढतींची दृश्यं पडद्यावर जेमतेम दहा-बारा मिनिटांची. पाच आठवड्यांत संपवायची होती, दहा लागले. आधीच्या बहुतेक चित्रपटांत कॅमेरा प्रेक्षकांत बसे. छायाचित्रणकार मायकेल चॅपमनने तो दोऱ्यांच्या आत नेला आणि लामोटाच्या मनःस्थितीप्रमाणे रिंगचा आकारही बदलला गेला. कधी ती कोंदट आणि धुराने भरलेली, कधी मैदानासारखी अफाट. ध्वनिसंयोजक फ्रँक वॉर्नरने ठोशांसाठी खरबुजं आणि टोमॅटो फोडले, प्राण्यांचे आवाज मिसळले आणि काम झाल्यावर ते ध्वनी नष्ट करून टाकले, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. रॉबिन्सनच्या अखेरच्या हल्ल्याचं दृश्य रचताना स्कोर्सेसीपुढे नमुना होता हिचकॉकच्या ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनाचा.

या सगळ्याला आकार दिला थेल्मा शूनमेकरने. १९६७ मध्ये स्कोर्सेसीचा पहिला चित्रपट तिनेच संकलित केला होता. पण संकलकांच्या संघटनेचं सभासदत्व नसल्याने पुढची अनेक वर्षं हॉलिवूडचं दार तिला बंद होतं. ते या चित्रपटासाठी उघडलं. रात्र-रात्र बसून दोघांनी एकेक चौकट जोडली. तेव्हापासून आजतागायत स्कोर्सेसीचा प्रत्येक कथापट तीच संकलित करते. मायकेल पॉवेलशी तिची ओळखही स्कोर्सेसीनेच करून दिली. १९८४ मध्ये त्यांनी लग्न केलं.

चित्रपट १४ नोव्हेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये लागला. फॉक्सविरुद्धच्या त्या बनावट लढतीला बरोबर तेहतीस वर्षं झाली होती. समीक्षकांत मतभेद झाले. त्यातली हिंसा आणि शिवीगाळ अनेकांना सोसली नाही. त्याच आठवड्यात युनायटेड आर्टिस्ट्सचा अवाढव्य खर्चाचा ‘हेवन्स गेट’ आपटला, कंपनीच डबघाईला आली आणि ‘रेजिंग बुल’च्या पाठीशी जोर लावायला कुणी उरलं नाही. ऑस्करसाठी आठ नामांकनं होती. सोहळ्याच्या दिवशीच, ३० मार्च १९८१ ला, अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला आणि समारंभ एक दिवस पुढे गेला. गोळ्या झाडणारा तरुण स्कोर्सेसीच्याच ‘टॅक्सी ड्रायव्हर’ने झपाटलेला निघाला. शूनमेकरला संकलनाचा आणि डी निरोला अभिनयाचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक हे दोन्ही पुरस्कार रॉबर्ट रेडफर्डच्या ‘ऑर्डिनरी पीपल’ने नेले. आभार मानताना डी निरोने जोई लामोटाचंही नाव घेतलं, तो आमच्यावर खटला भरतोय तरीही, अशी पुस्ती जोडून. दहा वर्षांनी समीक्षकांनी त्या दशकाचे श्रेष्ठ चित्रपट निवडले तेव्हा पहिलं नाव अनेक याद्यांत हेच होतं.

लामोटाने चित्रपट पाहिला आणि हादरला. आपण खरंच इतके वाईट होतो का, असं त्याने विकीला विचारलं. याहून वाईट होतास, असं ती म्हणाली. हा किस्सा तो स्वतःच सांगत असे.

चित्रपटाच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कारणं गाळताना त्याने लामोटाचं बालपण जसं गाळलं तसाच त्याचा काळही गाळला. कार्बोचं साम्राज्य पडद्यावर मोहल्ल्यातल्या एका म्होरक्याएवढं आक्रसलं. एका हाताने लढणारा सेर्दां काही क्षणांत येऊन गेला. संधी नाकारलेले कृष्णवर्णीय खेळाडू तर आलेच नाहीत. लामोटाच्या साक्षीनंतरच्याच वर्षी, १९६१ मध्ये, कार्बोला खंडणीच्या खटल्यात २५ वर्षांची आणि पालेर्मोला १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या समितीपुढे टोळीबद्दल तोंड उघडायला फार थोडे मुष्टियोद्धे तयार झाले होते. घरात क्रूर आणि रिंगमध्ये हट्टी असलेल्या या माणसाच्या खात्यावर ही एक गोष्ट जमा आहे आणि चित्रपटाच्या प्रेक्षकाला ती कळत नाही.

लामोटा १९ सप्टेंबर २०१७ ला, ९५ वर्षांचा होऊन वारला. रॉबिन्सन त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी गेला होता. लामोटाच्या मरणाआधी काही वर्षं त्याच्या आयुष्यावर आणखी एक चित्रपट काढायचा घाट घातला गेला. स्कोर्सेसीने सोडून दिलेलं नेमकं तेच त्यात भरायचं होतं, म्हणजे बालपण आणि पट्टा गेल्यानंतरची वर्षं. नाव ठेवलं होतं ‘रेजिंग बुल २’. मूळ चित्रपटाचे हक्क असलेल्या एमजीएम कंपनीने २०१२ मध्ये त्यावर दावा लावला, तडजोडीत नाव बदलून ‘द ब्रॉंक्स बुल’ झालं आणि विल्यम फोर्साइथने म्हातारा लामोटा रंगवला. २०१७ च्या सुरुवातीला, लामोटा हयात असतानाच, तो प्रदर्शित झाला. बाप, गल्ली, नाणी, सुधारगृह, सगळी कारणं त्यात ओळीने मांडलेली होती आणि फारच थोड्या लोकांनी तो पाहिला.